लाकडी दस्त्याच्या एअर रायफलची नेमकी बैठक: घरच्या घरी, पायरी-पायरीने

नवतपाच्या दिवसांत नागपुरातला पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि दुपारची हवा कमालीची कोरडी होते. दोन महिन्यांनी, श्रावणात, त्याच घरात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. उन्हाळ्यात सैल झालेले लाकडी दार पावसाळ्यात चौकटीत अडकते, हे आपण दरवर्षी पाहतो. रायफलचा लाकडी दस्ताही असाच फुगतो आणि आकसतो. फरक जेमतेम केसाएवढा असतो, पण दहा मीटरवरच्या कागदावर तो दिसून येतो.

ऋतू बदलला की नेम बिघडतो आणि नेमबाज स्वतःच्या हाताला किंवा डोळ्यांना दोष देतो. कुणी नवी रायफल घ्यायला निघतो. पुष्कळदा दोष लाकूड आणि धातू जिथे जोडले जातात तिथेच असतो. थोडी साधने, थोडे एपॉक्सी आणि बराच धीर असला तर तो घरी दूर करता येतो. हे काम कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे हात आखडावा, ते इथे पाहू.

आधी कायद्याची मर्यादा

नागपुरात अनेकांची रायफलशी पहिली ओळख एनसीसीत होते, ती ०.२२ बोअरच्या रायफलशी. ती किंवा परवान्यावर घेतलेली कोणतीही बंदूक हा या लेखाचा विषय नाही. दारूगोळ्यावर चालणाऱ्या बंदुकीची दुरुस्ती, तिच्यातला फेरबदल किंवा चाचणी या कामांना शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५नुसार वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना आपल्याकडे असला तरी तिच्या दुरुस्तीचा अधिकार आपोआप मिळत नाही. असे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे.

आपण बोलतो आहोत ती साधी स्प्रिंगवर चालणारी, नळी मोडून भरायची एअर रायफल. २० जूलपर्यंत ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटरपर्यंत नळी असलेल्या एअर रायफलला शस्त्र नियम २०१६नुसार परवाना लागत नाही. तिची ताकद वाढवण्याच्या फंदात आपण पडायचे नाही. आपल्याला हवा आहे नेमकेपणा, म्हणजे प्रत्येक छर्रा आधीच्या छर्ऱ्याच्या जागी जाणे. आणि ही रायफल कागदी लक्ष्यासाठी आहे. पक्ष्यांवर ती रोखू नये.

सुरक्षिततेचे चार नियम

रायफल हातात घेतली की प्रथम नळी मोडून आत छर्रा नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. ताणलेल्या, म्हणजे कॉक केलेल्या रायफलचा एकही स्क्रू सोडू नये.

नळी मोडलेली असताना छर्रा भरतानाही दुसऱ्या हाताने ती घट्ट धरून ठेवावी. पकड निसटली आणि ट्रिगर सुटला तर नळी झटक्याने वर येते आणि बोटे चिरडतात.

चाचणीच्या वेळी चष्मा लावावा. लक्ष्यामागे छर्रा अडवणारी पेटी असावी. भिंतीवर किंवा कठीण लाकडावर आदळलेला छर्रा उलट येतो.

छर्रे शिशाचे असतात. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत आणि काम चालू असताना काही खाऊ नये.

पायरी १: आधी मोजमाप

काहीही उघडण्यापूर्वी रायफल आज कशी चालते, याची नोंद करावी. पाच छर्ऱ्यांचा एक संच एकाच बिंदूवर नेम धरून मारावा. कागदावर उमटलेल्या छिद्रांच्या समूहाला गट म्हणतात. असे पाच गट वेगवेगळ्या कागदांवर घ्यावेत.

गट मोजणे सोपे आहे. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून त्यातून छर्ऱ्याचा व्यास, म्हणजे ४.५ मिलिमीटर, वजा करावा. आकडा कागदावरच लिहावा आणि शेजारी तारीख, छर्ऱ्याचा प्रकार आणि हवा कोरडी होती की दमट, हेही लिहावे.

इथे एक चूक सर्रास होते. रायफल टेबलावर किंवा विटेवर टेकवून चाचणी घेतली जाते. स्प्रिंगच्या रायफलला दुहेरी धक्का असतो. आतला दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते आणि दट्ट्या टोकाला पोहोचला की ती पुढे ढकलली जाते. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच ही हालचाल सुरू झालेली असते. कठीण आधारावर रायफल उसळते आणि छर्रे भलतीकडे जातात.

म्हणून मऊ उशीवर तळहात ठेवावा आणि तळहातावर दस्ता अलगद टेकवावा. घट्ट आवळू नये. प्रत्येक वेळी हात दस्त्याच्या त्याच जागी यावा, म्हणून तिथे पेन्सिलीने खूण करावी.

पायरी २: कागद वाचणे

गट लहान आहे पण मध्यापासून बाजूला आहे, तर रायफल उत्तम आहे. फक्त साइट फिरवावी.

एका कागदावर दोन वेगळे गट दिसत असतील, तर काहीतरी सैल आहे आणि ते दोन जागांमध्ये हलते आहे. बहुतेक वेळा तो दस्त्याचा स्क्रू किंवा साइट असते.

छिद्रे उभ्या रेषेत पसरली असतील, तर छर्ऱ्याचा वेग कमी-जास्त होत असावा किंवा आपला हात दस्त्याखाली पुढे-मागे सरकत असावा. सगळ्या दिशांना सारखा विखुरलेला गट असेल, तर छर्रे, नळी आणि पकड यांच्याकडे पाहावे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या दहा मीटर लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो आणि छर्रा त्याच्या नऊपट रुंद असतो. इतक्या बारीक हिशेबात कोणता दोष आहे हे न ओळखता हत्यार उचलण्यात अर्थ नाही.

पायरी ३: स्क्रू

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. बहुतेक रायफलींना पुढच्या बाजूला दोन आणि ट्रिगरच्या कड्याजवळ एक किंवा दोन स्क्रू असतात. उन्हाळ्यात लाकूड आकसले की स्क्रूच्या डोक्याखाली पोकळी होते. मग प्रत्येक धक्क्याबरोबर स्क्रू थोडा-थोडा सुटत जातो.

खाचेत बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्यावा. लहान पात्याने खाच झिजते आणि पुढे स्क्रू काढणेच अवघड होते. स्क्रू एकदा काढून, आटे पुसून, बाजूचे दोन आळीपाळीने थोडे-थोडे आवळावेत आणि मागचे शेवटी. हाताचा साधा जोर पुरेसा असतो.

जास्त आवळणे ही इथली नेहमीची चूक. लाकूड दाबले जाते, खड्डा पडतो आणि पुढच्या ऋतूत स्क्रू पुन्हा सैल होतो. डोक्याखाली बरोबर मापाचा पातळ वॉशर घातला तर दाब पसरतो. निळ्या रंगाचे आटे-बंद द्रव्य एक थेंब लावावे. ते स्क्रू धरून ठेवते आणि हवे तेव्हा सोडतेही. लाल द्रव्य वापरू नये, कारण ते कायमचे धरते.

स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या लाकडावर पेन्सिलीची एक बारीक रेघ काढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे. आता पुन्हा पाच गट घ्यावेत. फरक समाधानकारक असेल, तर इथेच थांबावे.

पायरी ४: छर्रे आणि नळी

लाकडाला हात लावण्यापूर्वी स्वस्त गोष्टी तपासून घ्याव्यात. छर्ऱ्याच्या मागच्या पातळ कडेला घेर म्हणतात. तो चेपलेला असेल तर छर्रा डगमगत जातो. डबीतले छर्रे कागदावर पसरून वाकडे बाजूला काढावेत. दोन-तीन प्रकारचे छर्रे आणून प्रत्येकाचे गट घ्यावेत. ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा मापांतही छर्रे मिळतात. एका नळीला जे माप मानवते ते दुसरीला मानवेलच असे नाही.

नळी साफ करताना लोखंडी गज वापरू नये. नायलॉनची दोरी नळीतून ओवून तिला कापडाचा छोटा तुकडा बांधावा आणि छर्रा भरायच्या बाजूने तोंडाकडे ओढावा. तेल नावापुरतेच लावावे. स्प्रिंगच्या रायफलीत दाबाखाली हवा तापते. जास्त तेल आत गेले तर ते पेटते, मोठा आवाज होतो आणि सीलचे नुकसान होते.

नळीच्या तोंडाची आतली कड कापसाच्या काडीने अलगद फिरवून पाहावी. कापूस एखाद्या जागी अडकला तर तिथे खरवड आहे. ही कड छर्ऱ्याला शेवटचा स्पर्श करते, म्हणून तिच्यावर घरी कानस चालवू नये. हे काम लेथवर जाणकाराकडून करून घ्यावे.

नळी जिथे मोडते तिथे रबरी कडे, म्हणजे सील असते. सांध्यावर पातळ टिश्यू कागदाची पट्टी ठेवून एक छर्रा झाडावा. पट्टी उडाली तर हवा गळते आहे. त्याच मापाचे सील बसवावे.

पायरी ५: लाकूड कुठे टेकते?

लाकूड तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र ते ओलाव्यानुसार कमी-जास्त होते. लकडगंजच्या लाकूडबाजारातील कोणताही जुना सुतार हे सांगेल. दीर्घकाळ कोरड्या हवेत राहिलेल्या लाकडात साधारण ५ टक्के पाणी उरते, तर ८० टक्के आर्द्रतेत राहिलेल्या लाकडात ते १५-१६ टक्क्यांपर्यंत चढते. त्यामुळे धातू ज्या खोबणीत बसतो तिची रुंदी आणि आकार ऋतूबरोबर बदलतो.

सर्व स्क्रू काढून धातूचा भाग दस्त्यातून सरळ वर उचलावा. कोणता स्क्रू कुठला, हे लिहिलेल्या कागदावर ते टोचून ठेवावेत. त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतल्या भागाला टेकतो.

खोबणीत पाहावे. काही जागा चकचकीत घासलेल्या दिसतील, तिथे धातू टेकतो. काही ठिकाणी जुनी धूळ तशीच असेल, तिथे टेकत नाही. नक्की कळण्यासाठी धातूवर काजळाचा अगदी पातळ थर द्यावा, धातू दस्त्यात बसवून स्क्रू आवळावेत आणि पुन्हा काढावा. जिथे काळा डाग उठेल तिथे स्पर्श आहे.

डाग पुढच्या स्क्रूंजवळ दोन्ही बाजूंना सारखे आणि मागे ट्रिगरजवळ हवेत. एकाच बाजूला डाग असेल तर दस्ता धातूला तिरका ढकलतो आहे. मनगटाच्या जागी, म्हणजे आपण मूठ धरतो तिथे, बारीक तडा गेला आहे का, तेही याच वेळी पाहावे. तडा असेल तर आधी तो सुताराकडून चिकटवून घ्यावा.

पायरी ६: बैठक घालणे

धातू आणि लाकूड यांच्यामध्ये कठीण, न आकसणारा थर भरणे याला बेडिंग म्हणतात. मराठीत आपण बैठक म्हणू. हे काम ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत करावे. तेव्हा नागपूरची हवा ना फार दमट असते, ना भट्टीसारखी कोरडी. भर पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात घातलेली बैठक मे महिन्यात सैल पडते.

कूलरकडेही लक्ष द्यावे. उन्हाळ्यात बाहेर रखरखाट असताना कूलरच्या खोलीत पावसाळ्याइतका दमटपणा असतो. कामाच्या आधी दोन-तीन आठवडे दस्ता कूलरपासून दूर, सावलीच्या खोलीत ठेवावा.

पुढच्या स्क्रूंच्या आसपास आणि मागे ट्रिगरच्या चौकटीजवळ एवढीच जागा घ्यावी. तिथले लाकूड पटाशीने दीड-दोन मिलिमीटर खोल खरवडावे आणि खडबडीत ठेवावे, म्हणजे एपॉक्सी पकड घेईल. जुने तेल असेल तर थिनरने पुसून पूर्ण वाळू द्यावे. नळी ताणणारी पट्टी ज्या खाचेतून सरकते, ती खाच मोकळी राहिली पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. धातूच्या प्रत्येक भागावर मेणाच्या बूट पॉलिशचे दोन हात द्यावेत. स्क्रूची भोके, खाचा आणि ट्रिगरच्या फटी मुलांच्या खेळण्याच्या चिकणमातीने बुजवाव्यात. स्क्रूंनाही पॉलिश लावावे. ही पायरी चुकली तर एपॉक्सी धातूला धरते आणि दस्ता फोडल्याशिवाय रायफल निघत नाही.

घरगुती गळतीसाठी मिळणारी मळायची पुटी किंवा दोन नळ्यांतले सावकाश वाळणारे एपॉक्सी चालते. पाच मिनिटांत वाळणारे टाळावे, कारण जुळवाजुळव करायला वेळ उरत नाही. दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावेत. ‘लवकर वाळावे’ म्हणून एक भाग जास्त घातला तर थर मऊ राहतो.

थर भरून धातू अलगद बसवावा. स्क्रू फक्त जागा धरण्यापुरते फिरवावेत, आवळू नयेत. या वेळी आवळलेला दस्ता वाकलेल्या स्थितीत घट्ट होतो आणि तो ताण कायम राहतो. बाहेर आलेले एपॉक्सी ओले असतानाच पुसावे. मग २४ तास हात लावू नये.

दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून धातू सरळ वर उचलावा. अडला तर उपटू नये, प्लास्टिकच्या हातोडीने हलके टोले द्यावेत. थरात बुडबुड्यांचे खड्डे असतील तर तेवढेच पुन्हा भरावेत.

पायरी ७: लाकूड बंद करणे

जवस विदर्भाला नवे नाही. चटणी घरोघरी होते. त्याच जवसाचे उकळलेले तेल लाकडाला लावतात आणि रंगाच्या दुकानात ते बेलतेल म्हणून मिळते. खाण्याचे कच्चे तेल लावू नये, ते आठवडेच्या आठवडे चिकट राहते. ते घरी उकळण्याचा प्रयत्नही करू नये. दुकानातल्या तेलात लवकर वाळवणारी द्रव्ये मिसळलेली असतात, ती नुसत्या उकळण्याने येत नाहीत.

दस्ता पॉलिश पेपरने तंतूंच्या दिशेने घासावा. ओल्या फडक्याने पुसून वाळवावा. तंतू उभे राहतील, ते पुन्हा बारीक पेपरने घासावेत. मग तेलाचा पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्यावे आणि एक-दोन दिवस वाळू द्यावे. असे तीन-चार हात पुरतात. जाड हात दिला तर तो वर चिकटून राहतो.

तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात हा धोका खराच आहे. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून टाकाव्यात.

तेलाने लाकूड देखणे होते, पण ओलावा पूर्ण अडत नाही. पॉलियुरेथेन वॉर्निश अधिक चांगले अडवते. दोन्हींपैकी काहीही निवडले तरी ते आतूनही लावावे. बहुतेक जण बाहेरचा भाग चकचकीत करतात आणि खोबणीचा तळ, स्क्रूची भोके आणि मागच्या रबरी तळव्याखालचे लाकूड कोरे सोडतात. तंतूंची उघडी टोके सर्वांत जास्त पाणी पितात, आणि ती नेमकी तिथेच असतात.

पायरी ८: साइट, ट्रिगर आणि शेवटची चाचणी

दुहेरी धक्क्यामुळे साइट आणि दुर्बिणीचे पाय हळूहळू सरकतात. तिथेही पेन्सिलीची खूण करून ठेवावी.

ट्रिगरला बाहेरून फिरवायचा स्क्रू दिलेला असेल, तर तेवढाच थोडा फिरवावा. आतले पकडीचे दात कानसने घासून ट्रिगर हलका करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. दात झिजले की रायफल धक्क्याने स्वतःहून सुटते. स्प्रिंगची नळीही घरी उघडू नये. आतली स्प्रिंग विश्रांतीतही दाबलेली असते आणि योग्य साच्याशिवाय सोडली तर ती अंगावर येते.

आता पहिल्याच उशीवर, त्याच छर्ऱ्यांनी आणि तशाच पकडीने पुन्हा पाच गट घ्यावेत. पहिल्या पाच गटांची सरासरी आणि नव्या पाच गटांची सरासरी शेजारी लिहावी. एकाच चांगल्या गटावर विश्वास ठेवू नये, कारण पाच छर्ऱ्यांचा एखादा गट योगायोगानेही लहान येतो. एका वेळी एकच बदल केला असेल, तरच कोणत्या बदलाने फरक पडला हे कळेल.

वर्षभराची काळजी

मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर असे वर्षातून दोनदा स्क्रूंच्या खुणा पाहाव्यात आणि दोन-तीन गट घ्यावेत. रायफल कूलरच्या झोतात, उन्हात तापलेल्या गाडीत किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. जाड कापडी पिशवीत, कपाटात, मुलांच्या हाताबाहेर आणि कुलपात ठेवावी.

आज वरच्या दर्जाच्या स्पर्धांत ॲल्युमिनियमचे दस्ते सर्रास दिसतात, कारण हवा बदलली तरी धातू फुगत नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्याआधी तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोमध्ये विश्वविजेते झाले. ही नावे ऐकून रायफल धरणाऱ्या सगळ्याच मुलांना महागडी साधने परवडत नाहीत. लाकडी दस्त्याची साधी रायफल नीट बसवलेली असेल, तर शिकण्यासाठी ती पुरेशी आहे, कारण चुकलेला छर्रा तेव्हा मुलाची खरी चूक दाखवतो, लाकडाची नाही.

आधी नोंद, मग स्क्रू, मग छर्रे आणि सर्वांत शेवटी पटाशी, हा क्रम कृपया मोडू नका. शंका आली तर आपल्या भागातील शूटिंग क्लबच्या प्रशिक्षकाला किंवा परवानाधारक कारागिराला रायफल दाखवा. विचारायला फार खर्च येत नाही, पण घाईने खरवडलेले लाकूड परत भरून येत नाही.